बाप्तिस्मा कुंड

बाप्तिस्मा कुंड हे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात बाप्तिस्म्याचे (स्नानसंस्काराचे) पाणी ठेवण्यासाठी असलेले, बहुधा दगडात घडवलेले आणि आधारस्तंभावर उभे केलेले पात्र आहे. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि अनेक पूर्वेकडील चर्चांमध्ये ते वेदीखालोखाल महत्त्वाचे मानले जाते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार बाप्तिस्मा हा ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा संस्कार असून तो आयुष्यात एकदाच दिला जातो. कुंडाची जागा, त्याच्या बाजूंची संख्या, त्यावरील झाकण आणि कोरीव चिन्हे या सर्वांतून संस्काराचा हा अर्थ व्यक्त केला जातो. त्यामुळे कुंडाचा अभ्यास धर्मशास्त्र, शिल्पकला आणि सामाजिक इतिहास या तिन्ही अंगांनी केला जातो. महाराष्ट्रात, विशेषतः नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री, कुंडापाशी होणाऱ्या या संस्काराला १९व्या शतकात मोठा सामाजिक आणि कायदेशीर आशयही प्राप्त झाला.

नाव

‘बाप्तिस्मा’ हा शब्द बुडवणे, पाण्यात घालणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द रूढ आहे, तर वसईसह मराठी कॅथलिक समाजात ‘स्नानसंस्कार’ हा शब्द प्रचलित आहे. कुंडासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘फॉन्ट’ हा शब्द झरा या अर्थाच्या लॅटिन ‘फोन्स’ शब्दापासून बनला आहे. म्हणजेच पात्र स्थिर पाण्याचे असले तरी त्याच्या नावात वाहत्या पाण्याची आठवण टिकून आहे. मराठीतील ‘कुंड’ हा शब्द पवित्र जलाशय आणि यज्ञाचे अग्निपात्र अशा दोन्ही अर्थांनी पूर्वापार वापरात आहे.

उगम व विकास

नव्या करारातील वृत्तांतानुसार येशूचा बाप्तिस्मा यार्देन नदीत योहानाच्या हातून झाला. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात नदी, झरा किंवा घरातील हौद यांचा उपयोग होत असे. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात वाहत्या पाण्याला प्राधान्य दिलेले आहे. ते नसेल तर अन्य पाणी वापरावे आणि पुरेसे पाणीच उपलब्ध नसेल तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओतावे, अशी सवलत त्यात आहे. पुढील काळात कुंडाचा आकार लहान होत गेला, त्यास या सवलतीचाही आधार होता.

सीरियातील दुरा-युरोपोस येथील उत्खननात इ.स.च्या तिसऱ्या शतकातील एक गृह-चर्च सापडले. त्यातील एका खोलीत भिंतीला लागून बाप्तिस्म्याचा हौद होता आणि भोवतालच्या भिंतींवर बायबलमधील प्रसंग रंगवलेले होते. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात मान्यता मिळाल्यावर बाप्तिस्म्यासाठी स्वतंत्र इमारती उभारल्या जाऊ लागल्या. रोममधील लॅटरन येथील अष्टकोनी बाप्तिस्मागृह हे त्यांपैकी प्रसिद्ध उदाहरण होय. इटलीतील राव्हेन्ना येथेही अशा अष्टकोनी इमारती असून त्यांच्या घुमटात येशूच्या बाप्तिस्म्याची मणिकुट्टिमचित्रे आहेत. त्या काळी संस्कार घेणारे बहुतांशी प्रौढ असत आणि ते पायऱ्या उतरून पाण्यात जात.

पुढे बालकांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाला. जमिनीतील हौदाची जागा कमरेएवढ्या उंचीच्या दगडी पात्राने घेतली आणि प्रत्येक गावच्या चर्चमध्ये असे पात्र ठेवले जाऊ लागले. बाराव्या शतकापासून पश्चिम युरोपात कोरीव कुंडांची मोठी परंपरा निर्माण झाली. बेल्जियममधील तूर्ने येथील गडद चुनखडकात घडवलेली कुंडे समुद्रमार्गे इंग्लंडमध्ये नेली जात; विंचेस्टर आणि लिंकन येथील कॅथेड्रलांत ती आजही आहेत. धातूची कुंडेही घडवली गेली. बेल्जियममधील ल्येज येथील बाराव्या शतकातील पितळी कुंड बैलांच्या मूर्तींवर उभे आहे. जेरुसलेममधील शलमोनाच्या मंदिरासमोर बारा बैलांच्या पाठीवर जलपात्र होते, या बायबलमधील वर्णनाचा हा संदर्भ आहे.

रचना

दगडी कुंडाचे सामान्यतः तीन भाग असतात: पाणी ठेवण्याचे वरचे पात्र, मधला स्तंभ आणि खालचा पाया. पाया बहुधा एक किंवा अधिक पायऱ्यांवर असतो. सर्वांत साधे कुंड गोल पिंपासारखे आणि स्तंभाविना असते. काही कुंडांत मधल्या जाड स्तंभाभोवती चार कोपऱ्यांत चार बारीक खांब असतात. काहींचा आकार प्रभुभोजनाच्या प्याल्यासारखा असतो.

दगड सच्छिद्र असल्यास पाणी झिरपू नये म्हणून पात्राला आतून शिशाचा पत्रा लावला जाई. तळाशी छिद्र ठेवून वापरलेले पाणी थेट जमिनीत सोडण्याची सोय असे, कारण आशीर्वादित पाणी इतर सांडपाण्यात मिसळणे अनुचित समजले जाई. मध्ययुगात कुंडात पाणी दीर्घकाळ साठवले जात असे. ते स्वच्छ राहावे आणि जादूटोण्यासाठी कोणी चोरू नये म्हणून कुंडांना झाकण व कुलूप लावण्याचे आदेश इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात दिले गेले. जुन्या कुंडांच्या काठावर आढळणारे लोखंडी कड्यांचे अवशेष किंवा तुटलेले कोपरे अनेकदा या कुलपांच्या खुणा असतात. पुढे झाकण हेच कलाकुसरीचे क्षेत्र बनले आणि काही चर्चांत मनोऱ्यासारखी उंच लाकडी झाकणे तयार झाली.

कुंडाची परंपरागत जागा मुख्य दरवाजाजवळ, सहसा पश्चिम टोकास असते. दारातून आत आल्यावर प्रथम कुंड आणि दूर समोर वेदी, अशी ही मांडणी आहे. बाप्तिस्मा हे मंडळीचे प्रवेशद्वार आहे, हा अर्थ त्यातून स्थानाच्या भाषेत सांगितला जातो.

प्रतीके

ख्रिस्ती धर्मशास्त्रात बाप्तिस्म्याचे पाणी एकाच वेळी कबर आणि गर्भाशय मानले गेले आहे. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ६) बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात उठणे, असे विवेचन आहे; योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ३) पाणी व आत्मा यांपासून पुन्हा जन्म घेण्याची कल्पना आहे. कुंडावरील बहुतेक प्रतीके या दोन कल्पनांशी जोडलेली असतात.

बाजूंची संख्या: अष्टकोन हा कुंडाचा सर्वाधिक प्रचलित आकार आहे. सृष्टीची निर्मिती सात दिवसांच्या आठवड्यात मांडली जाते. येशूचे पुनरुत्थान त्यानंतरच्या दिवशी, म्हणजे ‘आठव्या’ दिवशी झाले, असे प्राचीन ख्रिस्ती लेखक म्हणत. म्हणून आठ हा आकडा नव्या सृष्टीचा ठरला. नोहाच्या तारवात आठ माणसे पाण्यातून वाचली, या पेत्राच्या पहिल्या पत्रातील उल्लेखाचाही त्यास आधार आहे. षट्कोनी कुंड येशूच्या मृत्यूचा सहावा दिवस सुचवते, तर वर्तुळाकार कुंड अनंतत्व.

प्राणी व पक्षी: कबूतर हे पवित्र आत्म्याचे चिन्ह असून ते अनेकदा झाकणाच्या टोकावर असते. मासा हे येशूचे प्राचीन चिन्ह आहे. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांच्या आद्याक्षरांतून मासा या अर्थाचा ‘इख्थूस’ हा शब्द तयार होतो. पाण्याकडे आलेले हरीण ४२व्या स्तोत्रातील देवाची तहान दर्शवते. कोकरू ख्रिस्ताच्या बलिदानाचे, तर स्वतःच्या छातीतील रक्ताने पिलांना वाचवणारी पाणकोळी आत्मसमर्पणाचे प्रतीक आहे. पायाशी चिरडलेला सर्प किंवा ड्रॅगन म्हणजे पराभूत दुष्टता.

चार शुभवर्तमानकार: मत्तय (मनुष्य), मार्क (सिंह), लूक (बैल) आणि योहान (गरुड) यांची पंखयुक्त चिन्हे चौकोनी किंवा अष्टकोनी कुंडांवर नेहमी दिसतात. क्वचित त्यांच्या जोडीस एदेन बागेतील चार नद्या मानवी रूपात दाखवल्या जातात. जर्मनीतील हिल्डेसहाइम येथील तेराव्या शतकातील कांस्यकुंड अशा चार नद्यांच्या मूर्तींवर उभे आहे.

अक्षरे: येशूच्या ग्रीक नावातील आय-एच-एस ही अक्षरे, ख्रिस्त या शब्दाची खी व ऱ्हो ही आद्याक्षरे, तसेच आरंभ व अंत सुचवणारी आल्फा व ओमेगा ही अक्षरे कोरलेली आढळतात. केवळ चेहरा नव्हे, तर पापेही धुवावीत, अशा अर्थाचे एक ग्रीक वाक्य काही कुंडांवर आहे. ते उलट वाचले तरी तेच राहते.

इंग्लंडच्या नॉरफोक व सफोक परगण्यांत पंधराव्या-सोळाव्या शतकांतील ‘सात संस्कारांची कुंडे’ आढळतात. त्यांच्या सात बाजूंवर सात संस्कारांची दृश्ये आणि आठव्या बाजूवर येशूचा क्रूसावरील मृत्यू किंवा बाप्तिस्मा असे अन्य दृश्य असते. धर्मसुधारणेच्या काळात यांपैकी अनेकांवरील चेहरे छिन्नीने काढून टाकले गेले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी ही कुंडे धर्मशिक्षणाचे साधन होती. चेहरे काढून टाकणाऱ्यांनाही त्यांचे हे सामर्थ्य ठाऊक होते.

धर्मनियमांतील स्थान

चर्च ऑफ इंग्लंडच्या १६०४ च्या नियमांनुसार जेथे बाप्तिस्मा दिला जातो त्या प्रत्येक चर्चमध्ये दगडी कुंड असणे आणि ते पूर्वापार जागी ठेवणे आवश्यक होते. प्युरिटन राजवटीत १६४५ च्या उपासनानिर्देशाने दारालगतच्या या जागेस विरोध केला आणि अनेक कुंडे हलवली वा फोडली गेली. राजेशाही परतल्यावर अनेक ठिकाणी नवी कुंडे घडवली गेली. १९व्या शतकात गॉथिक शैलीच्या पुनरुज्जीवनाबरोबर कुंडांविषयीची आस्था पुन्हा वाढली.

रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार (कलम ८५८) प्रत्येक धर्मग्रामाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा कुंड असावे लागते. पास्काच्या पूर्वरात्री होणाऱ्या विधीत नवे पाणी आशीर्वादित केले जाते आणि त्या वेळी पास्काची मेणबत्ती पाण्यात बुडवली जाऊ शकते. बाप्तिस्म्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत होते आणि पुढे दृढीकरण व विवाह यांची नोंदही त्याच ठिकाणी जोडली जाते.

गोवा व महाराष्ट्र

जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये प्रवेशाजवळच्या बाजूच्या कक्षात १५३२ सालचे बाप्तिस्मा कुंड आहे. सध्याच्या इमारतीचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, म्हणजे कुंड इमारतीहून जुने आहे. १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेवियर यांनी याच कुंडातून बाप्तिस्मा दिल्याची परंपरा सांगितली जाते. चर्च नव्याने बांधले तरी जुने कुंड जपून ठेवण्याची रीत युरोपातही होती, कारण गावातील पिढ्यांचा आरंभ त्या एकाच पात्रापाशी झालेला असे.

कोकण व गोव्यातील मुख्य बांधकाम-दगड जांभा हा सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. त्यामुळे भिंती जांभ्याच्या आणि कोरीव भाग अधिक घट्ट दगडाचे, अशी पद्धत पडली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकाच्या दर्शनी भागासाठी वसई परिसरातून बेसाल्ट नेण्यात आला होता. गोव्यातील चर्चशिल्पात स्थानिक कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो: काही प्रवचनपीठांच्या तळाशी नागकन्यांसारख्या आकृती आहेत. दक्षिण भारतातील प्राचीन ख्रिस्ती क्रूसांच्या पायाशी कमळ असते, तर केरळमधील जुन्या सिरियन चर्चांत ग्रॅनाइटची कोरीव कुंडे आहेत.

मुंबईत ब्रिटिश राजवटीत अँग्लिकन चर्चे उभी राहिली. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस (आताचे कॅथेड्रल) हे त्यांपैकी आद्य होय. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ कुलाब्यास बांधलेले आणि १८५८ मध्ये समर्पित झालेले सेंट जॉन (अफगाण) चर्च गॉथिक पुनरुज्जीवनाच्या विचारांनुसार घडले.

नाशिक

नाशिकमध्ये ‘कुंड’ म्हटले की प्रथम गोदावरीवरील रामकुंड आठवते. दोन्ही ठिकाणी पाणी शुद्धीचे माध्यम असले तरी संकल्पना भिन्न आहेत. रामकुंडावरील स्नान यात्रेकरू पुन्हा पुन्हा करतो आणि सिंहस्थ कुंभमेळ्यात ते ठरावीक कालचक्राशी जोडलेले असते. बाप्तिस्मा मात्र एकदाच होतो; त्याचे पुनरावर्तन नाही. त्यात पाण्याचे स्थानमाहात्म्यही नसते: कोणत्याही जलाशयाचे पाणी चालते आणि संस्काराचे महत्त्व विधी व श्रद्धा यांना असते.

चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिक येथे कार्य सुरू केले. शतकाच्या मध्यास शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन झाली. आजच्या शरणपूर रोडच्या नावात तिची आठवण आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी येथे विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली आश्रयस्थान चालवले गेले. तेथे त्यांना शिक्षण व कारागिरीचे प्रशिक्षण मिळे. घर, भाषा आणि मूळ नाव हरवलेल्या या मुलांच्या बाबतीत बाप्तिस्म्यात मिळालेले नाव हीच पुढील आयुष्याची नोंदलेली ओळख ठरे. येथे शिकलेले जेकब वेनराइट हे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी एक होते. १८७४ मध्ये लंडनमधील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे येथील अंत्यविधीस ते उपस्थित होते. त्यानंतर प्राइस यांच्या नेतृत्वाखाली मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली आणि नाशिकमध्ये शिकलेल्या अनेकांनी तेथे काम केले.

नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये निर्माण झाला. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर तो त्यात समाविष्ट झाला. या एकीकृत चर्चमध्ये बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या परंपरांबरोबर केवळ सज्ञान विश्वासूंना बुडवून बाप्तिस्मा देणारी बॅप्टिस्ट परंपराही सामील झाली. दोन्ही पद्धती मान्य करण्यात आल्या. साहजिकच दगडी कुंड आणि बुडवण्याचा हौद या दोहोंना एकाच चर्चमध्ये स्थान मिळाले. रोमन कॅथलिक चर्चचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला.

नाशिकमधील सर्वपरिचित ख्रिस्ती वस्तू कुंड नसून घंटा आहे. गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावरील मोठी घंटा १७३९ मधील वसईविजयाचे स्मारक मानली जाते. वसई मोहिमेनंतर अशा घंटा राज्यातील इतर मंदिरांतही पोहोचल्या. वाईजवळील मेणवली येथील घंटेवर बालयेशूसह मरियेची आकृती आहे. कॅथलिक परंपरेत नवी घंटा आशीर्वादित पाण्याने धुऊन, तेल लावून तिला नाव दिले जाई. लोकभाषेत या विधीस ‘घंटेचा बाप्तिस्मा’ म्हणत.

सामाजिक व कायदेशीर परिणाम

१९व्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती ग्रंथ वाचणे किंवा मिशनच्या शाळेत शिकणे समाज सहन करी. बाप्तिस्मा मात्र जातिबहिष्काराची रेषा मानला जाई. तो घेणारी व्यक्ती कुटुंबाला मेल्यासारखी होई. पारंपरिक हिंदू कायद्यानुसार धर्मांतरिताचा वारसाहक्कही धोक्यात येई; १८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने हे हक्क सुरक्षित केले. मृत्यू आणि पुनर्जन्म हा कुंडाचा प्रतीकात्मक अर्थ येथे शब्दशः अनुभवास आला.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. या घटनेने कुटुंबात निर्माण झालेली ताटातूट आणि पुढे स्वतः घेतलेला निर्णय यांचे चित्रण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात केले आहे. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ख्रिस्तावरील भक्ती आणि मंडळीचे औपचारिक सदस्यत्व यांत फरक करण्याचा हा प्रयत्न होता.

स्वातंत्र्योत्तर काळातही या संस्काराचे कायदेशीर परिणाम राहिले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. दुसरीकडे, १९६९ च्या कायद्याने जन्मनोंदणीची देशव्यापी व्यवस्था होण्यापूर्वीच्या काळासाठी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या जन्म, पालकत्व आणि वंशावळ यांचा महत्त्वाचा पुरावा ठरतात.

जतन

चर्चच्या नूतनीकरणात कुंड हलवले जाणे, त्यावर तैलरंग चढवणे किंवा संगमरवरी नवे पात्र बसवून जुने आवारात ठेवणे यांमुळे मूळ खुणा नष्ट होतात. इंग्लंडमध्ये हटवलेली अनेक कुंडे पुढे गुरांना पाणी पाजण्यासाठी किंवा बागेत फुलझाडांसाठी वापरली गेली आणि त्यांतील काही नंतर चर्चमध्ये परत आणली गेली. दगड, बाजूंची संख्या, कोरीव चिन्हे, लेख, झाकणाच्या खुणा, निचऱ्याचे छिद्र आणि मूळ जागा यांची नोंद छायाचित्रांसह ठेवणे ही जतनाची प्राथमिक पायरी मानली जाते. ही नोंद त्याच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी ठेवून वाचल्यास, कोणत्या पात्रापाशी कोणाचे नाव प्रथम उच्चारले गेले, हे कळू शकते. शरणपूरसारख्या ठिकाणी, जेथे अनेकांच्या आयुष्याची लेखी नोंद तेथूनच सुरू होते, या दोन्ही साधनांचे ऐतिहासिक मोल विशेष आहे.